एका वेळी अडीच बिस्किटं

६ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

तुझ्या कारखान्याविरुद्ध एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. खुर्ची ओढून घे. तक्रार लांबलचक आहे आणि तक्रारदार रिकामटेकडा.

काल संध्याकाळी चहाबरोबर तुमचा तो पिवळा पुडा उघडला. माझा धंदा मुद्रितशोधनाचा. छापलेलं काहीही समोर आलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते हातातून खाली ठेववत नाही, मग तो धर्मग्रंथ असो की खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी. तेव्हा पुड्याच्या पाठीवरचा तो पोषणाचा तक्ता वाचला. तुझ्याच प्रयोगशाळेतून जन्माला येतो ना तो? त्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय : एका वेळचं प्रमाण, अडीच बिस्किटं.

अडीच!

बाई, हा मनुष्य कोण आहे, जो दोन बिस्किटं खातो, तिसऱ्याचा मधोमध तुकडा पाडतो आणि उरलेला अर्धा शांतपणे परत पुड्यात ठेवतो? असा स्थितप्रज्ञ आपल्या घराण्यात तरी झालेला नाही. तुझे वडील, म्हणजे माझा मामा, त्याच्यासमोर अर्धं बिस्किट उरलेलं मी कधी पाहिलं नाही. पुडा उरलेलाही क्वचितच पाहिला. आमचे गुरुजी 'अर्धकुक्कुटी न्याय' शिकवायचे, तो आठवला. एका शहाण्याने ठरवलं, कोंबडीचा अर्धा भाग शिजवून खावा आणि अर्धा अंडी घालायला राखून ठेवावा. तुमच्या कारखान्यात तो शहाणा नोकरीला लागलेला दिसतो. बढतीही मिळाली असावी.

तर सदर अर्ध्या बिस्किटाचं काय करावं, याचा लेखी खुलासा व्हावा.

आता लिहितोच आहे तर आणखी थोडं विचारून घेतो. निव्वळ ज्ञानपिपासा. एका पूर्ण बिस्किटात प्रथिनं नेमकी किती? दुधात बुडवलं तर दुधातली त्यात मिळवायची ना? आणि कपाच्या तळाशी जो गाळ बसतो तो कुणाच्या खात्यात धरायचा, दुधाच्या की बिस्किटाच्या? तक्त्यातले आकडे खरोखर मोजलेले असतात की कुणीतरी खिडकीबाहेर बघत लिहितं?

आणि समजा, केवळ समजा, एखादं माणूस दुसरं काही न खाता याच बिस्किटांवर राहिलं, तर कितपत निभेल? शास्त्रीय उत्तर दे. थट्टेचं खातं माझ्याकडे आहे.

आतून हाक आल्यासारखं वाटलं म्हणून उठलो होतो. नव्हती आली. आता उठलोच आहे तर पेटीपर्यंत जाऊन पत्र टाकूनच येतो.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

पंडित दादा,

तुझं पत्र प्रयोगशाळेत उघडलं ही चूक झाली. वजनकाट्यापाशी उभी राहून हसत होते आणि काटा माझ्याबरोबर हलत होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, "प्रेमपत्र आहे का?" म्हटलं, "नाही हो, आतेभावाची तक्रार आहे." तर म्हणाल्या, "मग एवढं हसण्यासारखं काय?" त्यांना आतेभाऊ नसावा.

खुलासा घे. प्रमाण बिस्किटांच्या संख्येत नाही, वजनात ठरतं. ते तीस ग्रॅम. आमचं बिस्किट बारा ग्रॅमचं. भाग तूच दे. मी साहेबांना सांगून दमले की बिस्किट पंधराचं करा, दोन होतील. ते म्हणतात दहाचं करू, तीन होतील. साच्यांचा माणूस म्हणतो, आधी तुमचं ठरू द्या. ते ठरेपर्यंत जग अडीच खाणार.

आकडे खिडकीबाहेर बघून लिहीत नाही. वेगवेगळ्या बॅचमधली बिस्किटं घेतो, एकत्र दळतो, तपासतो आणि सरासरी काढतो. शंभर ग्रॅममागे प्रथिनं साडेसहा. म्हणजे एका बिस्किटात पाऊण ग्रॅमच्या किंचित वर. ऊर्जा अठ्ठावन्न किलोकॅलरीच्या आसपास. बाकी साखर आणि तेल, ते तुला तक्त्यात दिसलंच असेल. घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहितात. पीठ, मग साखर, मग तेल. दूध पावडर फार मागे, मिठाच्या जवळपास. पुड्यावर मात्र दुधाचा केवढा पेला काढलाय बघ! तो चित्रकाराचा. माझा नव्हे.

बिस्किटांवर माणूस निभेल का? पोट भरल्यासारखं वाटेल, अंगी लागणार नाही. यावर जगा असं मी तरी शत्रूलाही सांगणार नाही.

आता मी विचारते. दादा, तुझी साखर वाढलीय ना?

खोटं बोलू नकोस. आत्याचं असंच झालं होतं. आधी तुझ्या आईने एकाएकी डबे-पुडे वाचायला सुरुवात केली, आम्हाला वाटलं वाचनाची गोडी लागली. मग गोळ्या सुरू झाल्याचं आम्हाला परक्यांकडून कळलं. तुमच्या घरात आजार म्हणजे चोरून ठेवलेला दागिना. फोन का उचलत नाहीस? दोनदा केला, वाजून वाजून बंद पडला.

आणि वहिनी कुठे आहे? मागे तिने भूमितीच्या पेपरातली मुलांची उत्तरं पाठवली होती. "दोन समांतर रेषा भेटत नाहीत, कारण त्यांचं पटत नाही." आम्ही ते कागद जेवणाच्या सुट्टीत आलटून पालटून वाचले. तिला म्हणावं दोन ओळी टाक. आणि तुझ्यावर लक्ष ठेव म्हणावं.

खारूताई


२४ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

तुझं निदान बरोबर आहे असं मी म्हणत नाही. चूक आहे असंही म्हणत नाही. वैद्याने नाडी न बघता, पोस्टाने, शेकडो मैलांवरून रोग ओळखला, यात रोग्याने बोलून विघ्न कशाला आणावं?

वहिनी ठीक आहे. सध्या शाळेत जात नाही. रजा साठून साठून कुजायला लागली होती, म्हटलं घेऊन टाक. पडून वाचत असते. फोन खणखणला की तिची झोपमोड होते म्हणून मी तो कपड्यांच्या कपाटात ठेवलाय. तिथे तो स्वेटरना बोलावत असतो.

बरं, दूध पावडर मिठाच्या जवळपास, हे वाचून वाईट वाटलं. मी त्या चित्रातल्या पेल्यावर विसंबून होतो. चित्रकाराला माझा निरोप दे.

आता मूळ मुद्दा. परवापासून आणलेल्या पुड्यांत काहीतरी निराळं आहे. वेष्टन तेच, पिवळं तेच, अडीचही तशीच निर्लज्ज. पण चव ती नाही. घरच्या परीक्षकांचा कौल आहे. कोण परीक्षक विचारू नकोस, मीच समज. एक घास घेऊन परीक्षकांनी बशी बाजूला सारली. सारली म्हणजे अगदी हळू, कुणाला वाईट वाटू नये अशी.

म्हणून मी जुन्या पुड्यांच्या शोधात निघालो. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "साहेब, कंपनी तीच, पुडा तोच. जीभ तुमची." पुलापलीकडे गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "लोक ताजा माल मागतात, तुम्ही पहिलेच शिळा मागताय. तब्येत बरी आहे ना?" स्टेशनाजवळच्याने तर फळीवरचे सगळे पुडे माझ्यासमोर ओतले आणि म्हणाला, "वास घेऊन निवडा, मी काही बोलणार नाही." मी निवडले गं. भर दुकानात, एकेक पुडा नाकाशी धरून. मागे रांग लागली होती. त्यातल्या एका आजोबांनी आपल्या नातीला सांगितलं, "बघू नकोस तिकडे."

घरी आलो तर तेही नवेच निघाले. काल पुन्हा गेलो. आजही जाईन. छापखान्यातली मंडळी समजतात, मी जेवणाच्या सुट्टीत जेवतो.

मधल्या काळात स्वयंपाकघरात प्रयोग चालू आहेत. बिस्किटांचा भुगा, दूध, साय, त्यात अंडं. दिसायला भिंतीला लावायच्या लांबीसारखं झालं. तुझ्या वहिनीने पेला उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "गृहीतकातच चूक आहे." मग अर्धा प्यायली. मोठ्या मनाची आहे.

तर मला एवढंच कळव, तुम्ही काही बदललंय का? कारखान्याचं गुपित असेल तर मी कुणाला सांगणार? स्वेटरना?

दादा

ता.क. प्रथिनं जास्त असलेलं तुमचं दुसरं कुठलं बिस्किट आहे का? गोड नको, खारट नको, वासाचं नको, कोरडं नको. चावायला फार लागू नये. एवढ्याच माफक अपेक्षा.


४ मार्च

दादा,

तुला कसं कळलं? इथे कारखान्यात अर्ध्या लोकांना अजून माहीत नाही, आणि तू स्टेशनाजवळ उभा राहून नाकाने ओळखलंस!

हो, बदललंय. आणि मी आज फार खुशीत आहे, म्हणून सगळं सांगते. साखर कमी केली. माझ्यामुळे झाली ती. दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीत तेच तुणतुणं वाजवत होते. साहेब म्हणायचे, "बाई, लोक बिस्किट गोडासाठी खातात, उपदेशासाठी नाही." शेवटी ऐकलं. साखर उतरवली, तेल बदललं, कमी झालेली गोडी झाकायला थोडा व्हॅनिलाचा वास वाढवला. तोच तुला लागला असणार. म्हणजे मुलांच्या पोटात किती साखर कमी जाईल, विचार कर! हे असं काही आयुष्यात एकदा होतं.

एका गोष्टीवरून मात्र माझं वाजलं. जुनी वेष्टनं गोदामात ढिगाने पडलीत. साहेबांनी ठरवलं, ती संपेपर्यंत नवा मालही त्यांतच भरायचा. तक्ता जुना, बिस्किट नवं. मी म्हटलं, हे बरोबर नाही, आतलं एक आणि पाठीवर दुसरंच. ते म्हणाले, फरक किरकोळ आहे, आणि एवढा कागद फेकायचा का? मी लेखी हरकत दिली. ती कुठल्या तरी खणात झोपली असेल. तेव्हा तू जो तक्ता पाठ केलायस तो सध्याच्या पुड्याला लागू नाही, एवढं लक्षात ठेव. साखरेच्या माणसाला ते कळलेलं बरं.

तुझ्या माफक अपेक्षांचं बिस्किट पृथ्वीवर बनत नाही.

आणि हो, तुझ्याकडून सरळ उत्तर मिळणार नाही हे ओळखून मी वहिनीला वेगळं पत्र टाकलंय. पुडे कुलुपात ठेव आणि किल्ली उशीखाली घे, असं बजावलंय. रागाव हवं तर. तू स्टेशनापर्यंत बिस्किटांसाठी धावतोस, ही लक्षणं बरी नाहीत.

तुझ्यासाठी नव्या बॅचचे चार पुडे सोबत पाठवते. कमी साखरेचे. अभिमानाने खा.

खारूताई


११ मार्च

खारूताई,

तुझं पत्र मिळालं. "दादाचे पुडे कुलुपात ठेव, तो साखर लपवतोय" इथपर्यंत आले आणि इतकी हसले की पोटावरची टाक्यांची जागा दुखली. टाके कसले, ते आता सांगायलाच हवं.

तुझ्या दादाला साखर नाही. त्याला काहीच झालेलं नाही, मला झालंय. थंडी सुरू होताना माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. ती काढली, पण तेवढ्याने भागलं नाही. त्यानंतर औषधांची एक फेरी झाली. दुसरी सुरू व्हायचीय, पण माझं वजन फार उतरलंय. डॉक्टर म्हणतात, वजन थोडं तरी भरल्याशिवाय दुसरी फेरी झेपणार नाही.

कुणाला कळवायचं नाही, हे मी ठरवलं होतं. त्याने नाही. भेटायला येणारे लोक दारातून आत येताना चेहरा नीट करतात, ते मला बघवत नाही. त्याने शब्द पाळला. तुझ्याजवळही पाळला, हे तुझ्या पत्रावरून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस.

औषधांनी माझ्या तोंडाची चव गेली. गेली म्हणजे बेचव झाली असं नाही. सगळ्याला गंजक्या खिळ्याची चव लागते. भाताला, सूपला, फळाला, पाण्याला. एक तुमचं बिस्किट तेवढं बिस्किटासारखं लागायचं. म्हणून त्याने घरात बिस्किटांची शाळा उघडली. मी किती खाल्ली, त्यात काय काय होतं, त्याची बेरीज तो मनातल्या मनात करतो. ओठ हलतात. गणित माझा विषय, पण मी मध्ये बोलत नाही. मग तुम्ही चव बदललीत आणि तेही खिळ्यासारखं लागायला लागलं.

तेव्हापासून त्याला घरात बसवत नाही. उठतो, बाहेर जातो, येतो, डबे उघडून बघतो, माझ्या खोलीच्या दारात उभा राहतो, मी बघितलं की विचारतो, "हाक मारलीस?" रस्त्याच्या त्या टोकाला जाऊन रिकाम्या हाताने परत आलेला माणूस आपण काही केलंय असं समजतो. मी त्याला तसं समजू देते.

तुझ्याकडे जुन्यातलं काही उरलं असेल तर पाठव. नसेल तर नाही म्हणून कळव, म्हणजे त्याची पायपीट तरी थांबेल.

तू साखर कमी करवलीस हे चांगलंच केलंस. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वर्गातल्या माझ्या पोरांनाही तेच पुडे डब्यात असतात.

तुझी वहिनी


१६ मार्च

दादा,

मी रागावलेय. आधी ते लिहून टाकते, मग पुढचं.

मी "शत्रूलाही सांगणार नाही" असं लिहिलं आणि तू ते वाचलंस, आणि उलट चित्रकाराला निरोप धाडलास! एक ओळ लिहायची होती. शब्द दिला होतास, कळलं. पण मी काय परकी आहे? तुझ्या आईच्या मांडीवर मी तुझ्याइतकीच लोळलेय. मी आनंदाने नाचत पत्र लिहिलं, चार पुडे पाठवले, अभिमानाने खा म्हटलं. तू ते उघडून बघितले असशील तेव्हा तुझा चेहरा कसा झाला असेल, हे डोळ्यांपुढून जात नाही.

बरं. काम ऐक.

आमच्याकडे नमुन्यांची खोली आहे. प्रत्येक बॅचचे थोडे पुडे मुदत संपेपर्यंत तिथे ठेवतात. एखाद्याची तक्रार आली की तो पुडा उघडून पडताळायचा. जुन्या चवीचे शेवटचे पुडे तिथेच आहेत. मी अर्ज केला. कारणाच्या जागी लिहिलं : ग्राहकाची तक्रार. साहेबांनी विचारलं, "तक्रार कशाची?" मी म्हटलं, "चवीची. घरातल्या माणसाची आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, सही केली आणि म्हणाले, "तपासणीपुरते दोन राहू द्या, बाकीचे न्या." अडीचवाला माणूस वाईट नाही, दादा.

खोका आज पाठवलाय. आता नीट वाच. जुन्या आणि नव्या पुड्याचं वेष्टन सारखंच आहे, बाहेरून काही कळणार नाही. पुड्याच्या चिकटवलेल्या कडेवर बॅचचा बारीक शिक्का असतो. 'क'ने सुरू होणारे जुने, 'ख'ने सुरू होणारे नवे. खोक्यातले सगळे 'क' आहेत. घरातले 'ख' वेगळे काढून कुणाला तरी देऊन टाक, गल्लत करू नकोस.

आणि बिस्किटावर विसंबू नकोस. त्यात अंगी लागण्यासारखं फार नाही, हे माझ्यासारखं कुणाला माहीत? दवाखान्यात आहार सांगणारं कुणी असेल, त्यांना भेट. दुधात मिसळायच्या पावडरी मिळतात, त्यातली कुठली चालेल ते विचार. लांबी करत बसू नकोस.

मी येऊ का? रजा आहे. वहिनीला भेटणाऱ्यांची तोंडं आवडत नसतील तर मी स्वयंपाकघरात राहीन. माझं तोंड तिकडे कुणी बघत नाही.

खारूताई


२७ मार्च

प्रिय खारूताई,

खोका पोचला. पोस्टमन म्हणाला, "काका, यात काय फुटणारं आहे का? फार सांभाळून बांधलंय." म्हटलं, "बिस्किटं आहेत." त्याने खोका पुन्हा कानाशी हलवून पाहिला. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या अगदी वर राहणारा माणूस पोस्टाने बिस्किटं मागवतो, ही बातमी आता सगळ्या गल्लीत झाली असेल.

तुझी वहिनी उठून बसली. मी 'क' बघून, दोनदा बघून, एक पुडा उघडला. तिने एक बिस्किट तोडलं, तोंडात धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हेच ते." मग आणखी एक खाल्लं, दुधाबरोबर. खारूताई, मी काय सांगू! मी आत गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. इतकी घाई झाली होती तुला कळवायची, की पत्राचा कागद घेतला आणि त्यावर काही न लिहिताच बाहेर फिरून आलो. मग रोज सकाळी दोन, दुपारी दोन. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी दिलेली पावडरही दुधातून जाऊ लागली. काटा थोडा वर सरकला. मी पुन्हा थट्टा करायला लागलो, यावरूनच ओळख.

मग माझ्या हातून ती गल्लत झालीच. तू पाठवलेले नवे पुडे मी कुणाला दिले नव्हते. फळीवर खोक्याशेजारीच होते. परवा सकाळी छापखान्यातून निरोप आला, घाईत पुडा काढला, उघडला, बशीत ठेवून तिला दिला. तिने तोडलं, डोळे मिटले. "हेच ते," म्हणाली. "खारूताईला कळव, अगदी तेच." वेष्टन कचऱ्यात टाकताना माझी सवय आड आली. छापलेलं होतं, वाचलं. कडेवर 'ख' होता.

मी स्वतःला म्हटलं, एखादा नमुना चुकीचाही निघतो. म्हणून काल मुद्दाम 'ख' दिला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच शब्द, तोच सूर. मग मी तिचा गळा बघितला. घास उतरवायला तिला तीनदा पाणी घ्यावं लागलं. आणि मी पेला भरून देत होतो.

म्हणजे तिला जुनंही त्या गंजक्या खिळ्यासारखंच लागतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. कदाचित तुम्ही काही बदललंच नसतं तरी तिने बशी सारलीच असती. साखर तू काढलीस म्हणून काही झालं नाही, एवढं तरी तुझ्या मनावरून उतरव. हे लिहिण्यासाठीच आज पुन्हा कागद घेतला.

आता बाकीचं, आणि यात मला विनोद सुचत नाही.

गुरुवारी दवाखान्यात जायचंय. वजन पुरेसं भरलंय, बहुतेक पुढच्या फेरीची तारीख देतील. डॉक्टर तिला विचारतील, "तयार आहात ना?" ती आधी माझ्याकडे बघेल आणि मग हो म्हणेल. पहिल्या फेरीत तिचे जे हाल झाले ते मी पाहिलेत. ती झोपेत म्हणाली होती, "पुरे आता." सकाळी मी विचारलं तर म्हणाली, "स्वप्नात वर्ग चालू होता, पोरं गोंधळ घालत होती."

तू ये. स्वयंपाकघरात नको, सरळ तिच्या खोलीत जा. तुझं तोंड तिला चालेल.

तिला पुढचे उपचार नको आहेत असं मला वाटतं. ती खाते ते माझ्यासाठी, आणि हो म्हणेल तेही माझ्यासाठी. तिला एकदा सरळ विचारायला हवं, मला बाजूला ठेवून तुला काय हवंय म्हणून. मी आज तीनदा त्यासाठी तिच्या दारापर्यंत गेलो. तिने विचारलं, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही, हाक मारलीस असं वाटलं."

मी विचारलं तर ती खरं सांगेल, याची मला भीती वाटते.

दादा